राखेचं सिमेंट

"ह्यात राख हाय का?"

मन्मथप्पांनी पोत्याच्या फाटक्या कोपऱ्यातून चिमूटभर सिमेंट काढलं होतं आणि तळहातावर घेऊन ते अंगठ्याने चोळत होते. किराणा दुकानात जन्म गेलेला माणूस. बेसनात कुणी वाटाणा दळून घातलाय का, हेही ते असंच चोळून सांगत असणार.

"आहे," मी म्हणालो. "ह्या जातीच्या सिमेंटात असते थोडी."

"थोडी म्हंजे?"

"पाव हिस्सा. कधी जरा जास्त."

"आन् कुठली म्हणायची ही राख?"

उत्तर द्यायची गरज नव्हती. त्या फाटकात उभं राहिलं की ओढ्यापलीकडे वीज केंद्राच्या चिमण्या समोरच दिसायच्या. तिथली राख टँकरमध्ये भरून सिमेंटच्या कारखान्यांना जाते, हे गावातलं शेंबडं पोरही सांगत असे. अप्पांनी एकदा तिकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि तळवे एकमेकांवर झटकले.

"मग न्या हे माघारी. राखंचं सिमेंट हितं चालायचं न्हाई."

"झालं!" माझ्या मागे रऊफभाई पुटपुटले. "आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास."

हे सगळं घडलं त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी नगरपरिषदेत कनिष्ठ अभियंता होतो. रऊफभाई आमचे ठेकेदार. मूळचे गवंडी, थापी हातात धरतच मोठे झालेले, आणि ठेकेदार झाल्यावरही कडक इस्त्रीचा शर्ट घालून स्वतः मालात हात घालणारे. मन्मथप्पा हालगे लिंगायत समाजाच्या कमिटीचे अध्यक्ष. आम्ही उभे होतो ती जागा त्यांच्या समाजाची दफनभूमी. जागा समाजाची, निधी नगरपरिषदेचा. त्यामुळे अप्पांनी मान हलवल्याशिवाय तिथे पाटीभर खडीही टाकता येत नव्हती.

काम तसं लहान होतं. फाटकापासून ओढ्यापर्यंत मधोमध एक वाट करायची. पण साधी वाट नव्हे. ती जमीन खोलगट, आणि माती काळी, चिकट. पावसाळ्यात पाणी तुंबलं की आठवडे आठवडे हलत नसे. लिंगायतांत माणूस गेला की त्याला खड्ड्यात मांडी घालून बसवतात, अंगाला विभूती लावतात, बेलाची पानं वाहतात आणि मग माती देतात. श्रावणात कुणी गेलं तर खड्डा खणता खणताच खालून पाणी लागायचं. बादल्यांनी उपसायचं आणि पुन्हा भरायच्या आत माणसाला बसवायचं. गावात ह्या गोष्टीवर कुणी बोलत नसे, पण ठाऊक सगळ्यांना होतं.

म्हणून मी खालून चर घेतला होता, त्यात जाड खडी आणि भोकं पाडलेला पाइप. पाइप ओढ्याला सोडलेला. आणि वर पाझरणारं काँक्रीट. ह्या काँक्रीटमध्ये वाळू नसते. नुसती एकसारखी खडी आणि तिला चिकटून राहील एवढंच सिमेंट. मधल्या पोकळ्यांतून पाणी सरळ खाली उतरतं आणि वर चालणाऱ्याचा पाय कोरडा राहतो. रऊफभाई त्याला मुरमुऱ्याचा लाडू म्हणायचे. त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. मुरमुरे कुणीही आणील, लाडू वळतो तो पाकावर. पाक कडक झाला की लाडू भुगा होतो, आणि पातळ झाला की सगळा तळाला जाऊन बसतो.

इथे पाक म्हणजे सिमेंट, आणि घोडं तिथेच अडलं होतं.

आधीच्या गावी मी असलीच एक वाट बागेत केली होती, बिनराखेच्या सिमेंटची. ते सिमेंट जात्याच तापट, चटकन धरणारं. साध्या काँक्रीटमध्ये ते झाकून जातं, पण इथे खडीवर पाकाचा पापुद्रा केवढासा! भर उन्हाळ्यात तो नीट धरायच्या आत वाळून गेला. महिन्याभरात खडी सुटी व्हायला लागली आणि लोकांनी तिचं नाव ठेवलं फुटाण्याची वाट. पोरं खिसे भरभरून खडे न्यायची. वरिष्ठांनी मला बोलावून एवढंच विचारलं, "केंद्रे, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं करायला?" आणि माझी बदली झाली. दुधाने तोंड पोळलेलं होतं. ह्या खेपेला मी राखेचं सिमेंट धरून बसलो. ते सावकाश धरतं, उन्हात तग काढतं, राखेचे बारीक गोल कण खडीवर छान पसरतात. ताकद मात्र उशिरा येते, तोवर दम धरावा लागतो. आणि पाण्याचा हात जरा सैल पडला की पाक ओघळून तळ बुजवतो. पण ते मला सांभाळता येणार होतं. मृग तोंडावर आला होता, आणि ही वाटही फुटली असती तर मी नोकरीत राहून काय केलं असतं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मी अप्पांच्या घरी गेलो. ओसरीवर एकटेच बसले होते. सुनेने चहा आणून ठेवला आणि ती आत गेली.

"अप्पा, राखेला तुमची हरकत काय, ते तरी सांगा."

त्यांनी कपाळावरच्या तीन पट्ट्यांकडे बोट नेलं. "हे काय हाय?"

"विभूती."

"राखच न्हवं? कपाळाला लावायची ती पायाखाली तुडवायची? शोभतंय का?"

"पण ती शेणाची, अप्पा. ही कोळशाची. तुम्हीच म्हणाल की दोन्ही एक नव्हेत."

"तेच म्हणायलोय," अप्पा शांतपणे म्हणाले. "एक न्हवंत. म्हणूनशान नको."

आता ह्याला काय म्हणायचं? दोन्हीकडून ढोल वाजवणारा माणूस. मी हात टेकले. बाहेर आलो तर रऊफभाई स्कूटरवर वाट बघत होते. त्यांना सांगितलं तसे ते हसले.

"साहेब, म्हाताऱ्याचं काय मनावर घेता? पोती पालटू. दुसऱ्या पोत्यात भरून आणतो. दोन्ही करडंच दिसतंय."

"तो चोळून ओळखेल."

"काय ओळखतोय! तुम्ही सांगितलं म्हणून कळलं त्याला. तुम्हाला कुणी सांगायला लावलं होतं?"

बरोबर होतं त्यांचं. मला कुणी लावलं नव्हतं. पण लोकांना समजावत बसायचं, मग लोकांनी नाही म्हणायचं, मग वरून फोन यायचा की काम का थांबलं, ह्या रहाटाचा मला वीट आला होता, आणि त्यावर पोती पालटायची म्हणजे नवाच रहाट. मी म्हणालो, "दोन तुकडे टाकू. एक राखेचा, एक बिनराखेचा. त्यांच्यासमोर. जो टिकेल तो घ्यायचा. बघू दे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी."

"आणि बिनराखेचा टिकला तर?"

"ह्या उन्हात?" मी म्हणालो.

ह्यात माझी थोडी लबाडी होतीच. निकाल मला आधीच माहीत होता, किंवा तसं मला वाटत होतं.

अप्पा कबूल झाले. आम्ही फाटकाच्या आत, बाभळीपासून जरा बाजूला, दारभर लांबी-रुंदीचे दोन चौकोन आखले. सकाळचीच वेळ, पण जमीन चुलीवरच्या तव्यासारखी. आधी बिनराखेचा माल कालवला. रऊफभाईंनी मूठभर घेऊन वळून बघितला. गोळा झाला, पण थोड्या वेळाने दुसरी मूठ घेतली तर ती हातातच फुटली. "पाक चढला," ते म्हणाले. घाईघाईने पसरला, वरून हलका रूळ फिरवला. मग राखेचा. तो मात्र काळाभोर, ओला, चकचकीत. दुपार होत आली तरी मूठ वळत होती.

रऊफभाईंच्या एका गवंड्याने सवयीने थापी काढली आणि सिमेंटचं पाणी कालवून वरून गुळगुळीत करायला बसला. मी ओरडलो. रऊफभाईंनी त्याच्या हातातली थापी काढून घेतली.

"वरून बंद केलंस तर पाणी कुठून जाईल, बाबा?"

"पण उघडं-नागडं दिसतंय, मालक," गवंडी कुरकुरला. "लोक म्हणतील, काम अर्धवट टाकून पळाले."

दोन्ही तुकड्यांवर जाड प्लास्टिक घातलं, कडांना दगड ठेवले. अप्पांना मी बजावून सांगितलं, "आठवडाभर हे उघडायचं नाही. आतली ओल आतच राहू द्यायची."

"पाणी न्हाई मारायचं?"

"नाही. प्लास्टिक आहे ना."

"सिमिटाला पाणी न्हाई मारायचं," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांचं घर, दुकान, मठाचा ओटा, सगळं त्यांनी देखरेख करून बांधून घेतलेलं. सकाळ-संध्याकाळ कळशीने पाणी मारणं म्हणजे सिमेंटला जेवू घालणं, हे आमच्या मुलखात माणूस आईच्या पोटातून शिकून येतो. मी सांगितलं ते त्यांना पटलेलं दिसलं नाही. पण मान हलवली.

त्या आठवड्यात मी दोनदा तिकडून गेलो. दोन्ही वेळा अप्पा बाभळीच्या विरळ सावलीत उकिडवे बसलेले. मला वाटलं, तुकड्यांवर पहारा देतायत. तोंड मात्र तुकड्यांकडे नव्हतं, आत, डावीकडे होतं. मी हाक मारली नाही. बोलायला गेलं की वाद होणार, आणि ऊन इतकं होतं की वादाचंही ओझं वाटत होतं.

आठवड्यानंतर प्लास्टिक काढलं. राखेचा तुकडा अजून कच्चा होता, नखाने ओरखडा उठत होता, पण खडी खडीला घट्ट धरून होती. मी घागरभर पाणी ओतलं. सूं करून दिसेनासं झालं. मग बिनराखेच्या तुकड्यावर रऊफभाईंनी चपलेची टाच घासली. वरचे खडे खळकन सुटले. सिमेंटचा लेपच नव्हता त्यांच्यावर. धुतल्यासारखे उघडे खडे.

"फुटाणे," मी म्हणालो.

अप्पांनी खाली वाकून एक खडा उचलला, चोळला, परत जागेवर ठेवला. "तुमची राख जिंकली म्हणायची," ते म्हणाले आणि फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले.

रऊफभाईंचा चेहरा फुलला. "चला! संध्याकाळी पोती आणतो. उद्यापासून काम सुरू."

मी खाली बसलो होतो. मला तो खडा बरा वाटत नव्हता. उन्हाने वाळलेल्या सिमेंटची भुकटी होते, ती बोटाला लागते. हे खडे स्वच्छ होते. आणि नुसतं ऊन असतं तर पापुद्रा सगळीकडे असता, ठिसूळ असता, पण असता. मी पहार घेतली आणि तुकड्याचा एक कोपरा उचकटला. खालून तो वडीसारखा सपाट होता. पोकळ्याच नव्हत्या. सगळं सिमेंट तळाला जाऊन थर धरून बसलं होतं.

रऊफभाईंनीही बघितलं. त्यांना सांगावं लागलं नाही.

"पाणी घातलंय कुणीतरी," ते हळू आवाजात म्हणाले. "ओलं होतं तेव्हाच. पहिल्याच दिवशी."

"हो."

"राखेच्या तुकड्यावर नाही घातलं. ह्याच्यावरच घातलं."

आम्ही दोघांनी फाटकाकडे बघितलं. अप्पा पाठमोरे उभे होते. आपल्या तुकड्याला त्यांनी चोरून पाणी पाजलं होतं. दोन नातवंडांतलं अशक्त असतं त्याला आजोबा दूध जास्त घालतात, तसं. आणि त्या पाण्यानेच तो मेला होता.

"साहेब," रऊफभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "गप राहायचं. निकाल लागला. त्यांनीच लावला. तुम्ही खोटं बोललेला नाही, बोलायचंही नाही काही. नुसतं गप. मृग आला उंबऱ्यावर. आमच्या कबरस्तानातबी हेच हाल आहेत, मला ठाऊक आहे पाण्यातली माती कशी असते. ह्या लोकांचं तरी होऊ द्या."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पाणी पडलं नसतं तरी ह्या उन्हात तो तुकडा फार टिकला नसता, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत होतो. पण तो उन्हाने गेला नव्हता. पाण्याने गेला होता. आज अप्पा हरून हो म्हणत होते, आणि ज्याने हरले ते खरं नव्हतं. पुढे कधी कुठल्या गवंड्याने त्यांना सांगितलं असतं, की अप्पा, त्या साहेबाला कळलं होतं. मग त्या वाटेवरून मला चालता आलं नसतं. खरं सांगायचं तर एवढाही विचार मी तेव्हा केला नाही. मी नुसता थकलो होतो. एखादी गोष्ट जन्मभर लपवून धरायलाही अंगात बळ लागतं, आणि ते माझ्यापाशी नव्हतं.

मी उचकटलेला तुकडा उचलून फाटकाबाहेर नेला आणि अप्पांसमोर उलटा धरला.

"अप्पा, हे बघा. तुमचं सिमेंट उन्हाने गेलं नाही. कुणीतरी ओल्यावर पाणी ओतलं. ते धुऊन खाली बसलं. म्हणजे ही परीक्षा खरी नाही."

मागून रऊफभाईंचा मोठा सुस्कारा ऐकू आला.

अप्पांनी त्या तुकड्याच्या तळावरून अंगठा फिरवला. "म्या वतलं," ते म्हणाले. "दोन कळश्या. तुमी गेल्यावर प्लास्टिक उचलून बगितलं तर कोरडं कोरडं दिसलं. माझ्यानं राहवंना."

"मग आता तुम्ही ठरवा," मी म्हणालो. "तुमच्या सिमेंटनेही वाट होईल. पण उजाडायच्या आधी काम सुरू करून ऊन चढायच्या आत थांबवायचं. रोज चार पावलं. कालवलं की लगेच झाकायचं. पावसाच्या आधी निम्मीच होईल, उरलेली दिवाळीनंतर. राखेचं घेतलं तर ह्या आठवड्यात सगळी. वरून चालताना महिनाभर जपावं लागेल, पण पाणी मात्र पहिल्या दिवसापासून उतरेल. मी तुमच्यावर जबरदस्ती करत नाही. करायची ताकदही नाही माझ्यात."

"निम्मी म्हंजे कुठवर?"

"फाटकाकडनं धरली तर मधल्या लिंबापर्यंत. पण सुरुवात ओढ्याकडनं करावी लागेल, पाणी तिकडे जायचंय. म्हणजे फाटकाकडची बाजू राहील."

अप्पा एकदम आत चालायला लागले. मी मागोमाग गेलो. फाटकापासून थोडं आत, डाव्या हाताला, अजून नीट न बसलेल्या मातीचा एक उंचवटा होता. वर दगडाचं लहान शिवलिंग, त्याच्या पुढ्यात वाळून कोळ झालेली बेलाची पानं. बाभळीखालून ते आठवडाभर बघत होते ते हे.

"आमचं घर," अप्पा म्हणाले. बायकोला ते घर म्हणत. "महानंदा. गेल्या श्रावणात लिंगैक्य झाली."

मला हे माहीत नव्हतं. त्यांच्या ओसरीवर बसून मी चहा प्यायलो होतो आणि सुनेने तो का आणला, हे विचारावंसंही मला वाटलं नव्हतं.

"तुमी इचारलं व्हतं न्हवं, राखंला हरकत काय म्हणून? कपाळाचं ते आपलं सांगायला बरं. लोकंबी फुडं इचारत न्हाईत." ते उंचवट्याशी उकिडवे बसले. "आमी राहायला वढ्याच्या कडंला. चिमण्या झाल्या तवा ही नवी नवरी. पापड घातले की राख. दोरीवर लुगडं वाळत घातलं की राख. उशीर न लावता झटकायची आन् घरात घ्यायची. जन्मभर झटकतच व्हती. शेवटाला खोकला लागला. डाक्टर फोटू काढून म्हणला, अप्पा, छातीत जागाच न्हाई. म्या म्हणलं, आता हिच्या उशाला तरी राख नको. हितं तरी नको. एवढंच व्हतं."

रऊफभाई जरा मागे उभे होते. त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला.

"मग तुमच्या सिमेंटनेच करू," मी म्हणालो. "निम्मी तर निम्मी. फाटकाकडनंच सुरू करू हवं तर, तात्पुरता चर काढून."

अप्पांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, मला कळलं नाही.

"तिला बसवली त्या दिशी," ते म्हणाले, "खड्ड्यात गुडघाभर पाणी. चार पोरं बादल्यांनी उपसायली. म्या वरून बगायलो. उपसलं, पुना आलं. उपसलं, पुना आलं. सांज व्हायला लागली तसे लोक म्हणले, अप्पा, किती थांबायचं. बसवली. पाण्यात बसवली, सायेब. विभूती लावली ती कमरंखालची सगळी धुऊन गेली माझ्या देखत. जन्मात कधी नदीला न्हाई गेली ती, पाण्याला भ्यायची. आन् म्या तिला पाण्यात बसवून वरून माती लोटली."

ओढ्यापलीकडे चिमण्यांतून धूर निघत होता तो निघत होता.

अप्पा गुडघ्यावर हात ठेवून उठले. बराच वेळ लागला त्यांना उठायला.

"राखंचंच घाला," ते म्हणाले. "सगळी वाट करा पावसाच्या आत. राखंची तिला सवय व्हती. पाण्याची न्हवती."

काम आठवड्यात उरकलं. रऊफभाई एक दिवसही जागेवरून हलले नाहीत. मूठ वळून बघितल्याशिवाय त्यांनी एक पाटी टाकू दिली नाही, आणि त्या गवंड्याची थापी घरी ठेवायला लावली. अप्पा रोज यायचे. प्लास्टिकला हात लावायचे नाहीत. एकदा मात्र मला म्हणाले, "तुमी गप बसला असता तरी चाललं असतं." मी म्हणालो, "चाललं असतं." विषय तिथेच संपला.

पावसाळा आला तसा मी मुद्दाम तिकडे जायचं टाळलं. फुटाण्याच्या वाटेची धास्ती माझ्या मनातून गेली नव्हती. भर श्रावणात एक दिवस रऊफभाई ऑफिसात आले. "मठाकडच्या स्वाम्यांच्या घरची म्हातारी गेली. दुपारी माती आहे. चला." मी म्हणालो, माझं काय काम तिथे. ते नुसते उभे राहिले. मग मी निघालो.

तीन दिवस पाऊस लागून होता आणि त्या वेळी नुसती भुरभुर होती. वाटेवर पाणी नव्हतं. खडी जागच्या जागी होती. पाइपच्या तोंडातून ओढ्यात धार पडत होती, तिचा आवाज फाटकापर्यंत येत होता. रऊफभाईंनी मला कोपराने ढोसलं, पण मी खाली वाकून एक खडा नखाने उचकटून बघत होतो. तो हलला नाही.

खड्डा खणून झाला होता, वाटेच्या उजव्या अंगाला. लोक मृतदेहाची वाट बघत कडेला उभे होते. अप्पांनी धोतराचा काचा मारला आणि खड्ड्यात उतरायला लागले. "अप्पा, पाय घसरंल," कुणीतरी म्हणालं. त्यांनी ऐकलं नाही. दोन तरुणांनी बगलेत हात घालून त्यांना खाली सोडलं. छातीएवढ्या खड्ड्यात ते वाकले आणि दिसेनासे झाले. आम्ही कडेशी जाऊन बघितलं. तळाच्या काळ्या मातीवर त्यांनी दोन्ही तळवे टेकले होते. ते सरकवत सरकवत चारी कोपरे चाचपडत होते.

"ओल हाय," ते खालून म्हणाले. "ओल असू द्या. पाणी न्हाई."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. अप्पा उभे राहिले. त्यांचं तोंड माझ्याकडे होतं, पण नजर माझ्या पलीकडे, वाटेच्या डाव्या हाताला होती.

"सायेब," ते म्हणाले, "तिच्याकडचंबी उतरलं आसंल, न्हवं?"

काळी माती पाणी कसं धरून ठेवते ते मला ठाऊक होतं. चर किती लांबून पाणी ओढतो आणि किती लांबून नाही, तेही ठाऊक होतं. त्या उंचवट्याखाली काय आहे, हे सांगणारी कुठलीही चाचणी माझ्यापाशी नव्हती.

"उतरलं, अप्पा," मी म्हणालो, आणि त्यांना वर घ्यायला हात पुढे केला.